मोंझाचे तीन गुण

७ सप्टेंबर २०२५, मोंझा. इटालियन ग्रांप्रीच्या ५३ फेऱ्यांपैकी चार-पाच उरलेल्या. रेड बुलचा मॅक्स व्हर्स्टॅपेन इतका पुढे निघून गेला होता की त्याच्याकडे बघायचं कोणाला कारणच उरलं नव्हतं. शेवटी तो १९ सेकंदांनी जिंकला आणि सरासरी वेगाच्या हिशेबात ती फॉर्म्युला वनच्या इतिहासातली सर्वात वेगवान शर्यत ठरली. तरी दुसऱ्या दिवशी चर्चा त्याची नव्हती. चर्चा होती त्याच्या मागून धावणाऱ्या मॅक्लारेनच्या दोन नारिंगी गाड्यांची.

ऑस्कर पियास्ट्री दुसरा होता, लँडो नॉरिस तिसरा. पियास्ट्रीच्या कानात त्याचा रेस इंजिनिअर टॉम स्टॅलर्ड याचा आवाज आला. गेल्या वर्षीच्या हंगेरीसारखंच हे प्रकरण आहे, पिट-स्टॉपचा, म्हणजे टायर बदलायला थांबण्याचा, क्रम संघाच्या सोयीसाठी असा ठेवला होता, तेव्हा लँडोला पुढे जाऊ दे, त्यानंतर तुम्ही दोघं मोकळेपणी लढा, असा त्या निरोपाचा आशय होता. पियास्ट्रीचं उत्तर जगाने ऐकलं. हळू पिट-स्टॉप हा शर्यतीचाच भाग मानायचा असं आपलं ठरलं होतं, मग आता काय बदललं ते मला कळत नाही. पण तुमची तशीच इच्छा असेल तर मी करतो. आणि त्याने केलं. सरळ रस्त्यावर वेग कमी केला, नॉरिस पुढे गेला. व्हर्स्टॅपेनला त्याच्या इंजिनिअरने ही अदलाबदल कळवली तेव्हा तो रेडिओवरच हसला. पिट-स्टॉप हळू झाला एवढ्यासाठी?

दुसऱ्या क्रमांकाला १८ गुण, तिसऱ्याला १५. म्हणजे व्यवहार तीन गुणांचा. पण तीन गुण एकाकडून काढून दुसऱ्याला दिले की दोघांमधलं अंतर सहाने बदलतं, आणि इथे ते दोघं एकाच संघाचे तर होतेच, शिवाय जगज्जेतेपदाच्या यादीतही पहिला आणि दुसरा होते. मोंझाच्या आधी पियास्ट्रीचे ३०९ गुण होते, नॉरिसचे २७५. व्हर्स्टॅपेन २०५ वर, पियास्ट्रीपेक्षा तब्बल १०४ गुणांनी मागे. हा शेवटचा आकडा लक्षात असू द्या. त्या दिवशी पिट-वॉलवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या संघाच्या चौकीत, बसलेल्या कोणाच्याही डोक्यात तो नव्हता, आणि असण्याचं कारणही नव्हतं.

हंगेरीचं उसनं

मॅक्लारेनने आपल्या दोन ड्रायव्हरांमध्ये पहिला-दुसरा असा भेद ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. दोघांनाही जिंकायची मोकळीक, एकच मोठी अट: एकमेकांना धडकायचं नाही. संघाच्या पपईसारख्या रंगावरून या वागणुकीला ‘पपाया रूल्स’ असं नाव पडलं. बाहेरच्यांनी त्याची भरपूर टिंगल केली. पण मला त्यात टिंगल करण्यासारखं फारसं दिसत नाही. ज्या संघाकडे एकच खरा दावेदार असतो त्याला असले नियम लिहावेच लागत नाहीत. दोन तुल्यबळ ड्रायव्हर आणि मैदानातली सर्वात वेगवान गाडी हाती असली की मात्र दर रविवारी नवं भांडण दारात उभं असतं.

पहिलं मोठं भांडण २१ जुलै २०२४ ला हंगेरीत झालं. सुरुवातीलाच पियास्ट्रीने आघाडी घेतली होती, नॉरिस दुसरा होता. मागून लुइस हॅमिल्टनचा धोका नको म्हणून संघाने दुसऱ्या पिट-स्टॉपसाठी नॉरिसला आधी बोलावलं, ४५ व्या फेरीत. आघाडीवरच्या पियास्ट्रीला दोन फेऱ्यांनी. ताज्या टायरवर नॉरिसने त्या दोन फेऱ्यांत इतका वेळ कमावला की पियास्ट्री बाहेर आला तो नॉरिसच्या मागे. जागा नॉरिसने झगडून मिळवली नव्हती, संघाने बोलावण्याचा क्रम उलटा केल्यामुळे मिळाली होती. मग वीसेक फेऱ्या रेडिओवर मनधरणी चालली. जगज्जेतेपद एकट्याने जिंकता येत नाही, तुला ऑस्करची आणि संघाची गरज पडेल, असं नॉरिसचा इंजिनिअर विल जोसेफ त्याला समजावत राहिला. ७० पैकी ६८ व्या फेरीत नॉरिसने जागा सोडली. पियास्ट्रीचा फॉर्म्युला वनमधला तो पहिला विजय.

नॉरिसने त्या दिवशी सात गुण दिले, आणि तेही जगज्जेतेपदाच्या शर्यतीत व्हर्स्टॅपेनचा पाठलाग करत असताना. पुढे ते विजेतेपद ६३ गुणांनी हुकलं, म्हणजे त्या सातांनी काही बिघडलं नाही. पण संघाच्या वहीत एक नोंद पडली: क्रम आम्ही उलटवला, त्याचा फायदा तुला झाला, तर तो परत करायचा. मोंझात जे घडलं ते याच नोंदीचा आधार घेऊन.

बोलावण्याचा क्रम

मोंझात काय झालं हे समजायला ‘अंडरकट’ समजून घ्यावा लागतो. जुने टायर झिजलेले असतात, नवे लावल्यावर गाडी लगेच वेगवान होते. त्यामुळे पुढच्याच्या आधी जो पिटमध्ये जातो तो त्या एखाद-दुसऱ्या फेरीत वेळ कमावतो, आणि समोरचा थांबून बाहेर येईपर्यंत कधी कधी पुढे निघून गेलेला असतो. म्हणूनच एकाच संघाच्या दोन गाड्या मागेपुढे असतील तर पुढच्या गाडीला आधी बोलावण्याची रीत आहे. तो तिचा मान असतो.

मोंझात नॉरिस पुढे होता, पियास्ट्री त्याच्या मागे, आणि त्याच्याही मागे फेरारीचा शार्ल लक्लेर. मॅक्लारेनने दोघांनाही खूप उशिरापर्यंत ट्रॅकवर ठेवलं. अपघातानंतर सगळ्यांना संथ चालवायला लावणारी सेफ्टी कार आली तर सगळे संथ असताना टायर बदलून घेता येतील आणि व्हर्स्टॅपेनला गाठता येईल, ही आशा. सेफ्टी कार काही आली नाही. शेवटी थांबणं भागच होतं. लक्लेरकडून धोका होता तो पियास्ट्रीला, म्हणून त्याला आधी बोलावणं संघाला बरं वाटलं. नॉरिसला विचारलं गेलं. त्याने अट घातली: ऑस्कर अंडरकट करून माझ्या पुढे जाणार नसेल तर त्याला आधी घ्या, नाहीतर मी आधी येतो. अंडरकट होणार नाही, असा शब्द त्याला मिळाला.

४५ व्या फेरीत पियास्ट्री आला. टायर दोन सेकंदांच्या आत बदलले गेले. ४६ व्या फेरीत नॉरिस आला आणि पुढच्या डाव्या चाकावर घोडं अडलं. नॉरिसचा थांबा ५.९ सेकंदांचा झाला. तो बाहेर पडेपर्यंत पियास्ट्री निघून गेलेला.

आता इथे दोन कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि सगळ्या प्रकरणाची मेख त्या गाठीत आहे. नॉरिसची जागा कशामुळे गेली? क्रम उलटा केल्यामुळे की चाक अडल्यामुळे? नेहमीसारखा दोन-अडीच सेकंदांचा थांबा झाला असता तर तो पुढेच राहिला असता, यावर फारसा वाद नाही. म्हणजे चाक अडलं नसतं तर क्रम उलटा असूनही काही बिघडलं नसतं. उलट बाजूने पाहा. नॉरिसला रीतीप्रमाणे आधी बोलावलं असतं आणि तेव्हा चाक अडलं असतं तर? तर गेलेल्या वेळाचा काही भाग त्याने पियास्ट्री थांबायला येईपर्यंतच्या फेरीत ताज्या टायरवर भरून काढला असता. जागा कदाचित तरीही गेली असती, कदाचित नसती. पण तेव्हा कोणी पियास्ट्रीला जागा सोडायला सांगितलं नसतं, हे मात्र नक्की. हळू पिट-स्टॉप हा शर्यतीचा भाग, एवढं म्हणून विषय संपला असता.

संघप्रमुख अँड्रिया स्टेला यांचं स्पष्टीकरण याच धाग्याचं होतं. अदलाबदल केली ती चाक अडलं म्हणून नव्हे, चाक अडणं आणि उलटा क्रम एकत्र आले म्हणून. क्रम उलटवताना नॉरिसला शब्द दिला होता, तो पाळायचा होता.

मला हे स्पष्टीकरण अर्धं पटतं. पटतं ते असं, की दिलेला शब्द हा संघाच्या आतला सर्वात मौल्यवान ऐवज असतो. पुढच्या ड्रायव्हरने आपला मान सोडायचा आणि नंतर संघाने ‘तुझं नशीब’ म्हणून हात झटकायचे, असं एकदा झालं की पुन्हा कुठलाच ड्रायव्हर कसलीच सवलत देणार नाही. पुढच्या वेळी लक्लेर मागे असो की आणखी कोणी, नॉरिस सरळ म्हणेल, मी आधी येणार. त्या हट्टाची किंमत पियास्ट्रीलाही मोजावी लागली असती.

पटत नाही ते पुढचं. शब्द नेमका कशाचा दिला होता? अंडरकट होणार नाही, याचा. आणि अंडरकट झालाही नाही. पियास्ट्री पुढे गेला तो टायरच्या वेगाने नव्हे, नॉरिसच्या चाकामुळे. चाकाबद्दल संघाचा आधीच ठरलेला वेगळा नियम होता, आणि तो पियास्ट्रीच्या बाजूचा होता. म्हणजे दोन ठराव एकमेकांवर आदळले आणि कुठला वरचढ ते संघाने ऐन शर्यतीत, काही फेऱ्यांत ठरवलं. नॉरिसने उशिरा थांबणं स्वीकारलं त्यात त्यागच होता असंही नाही. एक फेरी जास्त बाहेर राहणं म्हणजे सेफ्टी कारच्या सोडतीचं एक तिकीट जास्त. ती त्या एका फेरीत आली असती तर फायदा नॉरिसचा झाला असता. तेव्हा तो फायदा त्याने पियास्ट्रीला परत केला असता का, हे कोणी विचारलं नाही.

नशीब कुठे संपतं आणि चूक कुठे सुरू होते

एकच आठवडा मागे जाऊ. ३१ ऑगस्ट, झांडवूर्ट. नॉरिस दुसऱ्या क्रमांकावर पळत होता, सात फेऱ्या उरल्या होत्या आणि गाडीतून तेल गळायला लागलं. धूर, गाडी कडेला, शून्य गुण. पियास्ट्री जिंकला. नॉरिसचे १८ गुण गेले आणि दोघांमधलं अंतर एका दुपारीत नऊवरून ३४ वर गेलं. गाडी संघाची, गळती संघाच्या गाडीतली. पण त्या १८ गुणांची भरपाई करा, असं कोणी म्हटलं नाही, आणि म्हणता येण्यासारखंही नव्हतं. गाडी बंद पडणं ही शर्यतीची जोखीम.

मग तेलाची गळती हे नशीब आणि अडलेलं चाक हे कर्ज, हा फरक कसा करायचा? एक उत्तर असं की जे परत करता येतं ते करावं, जे येत नाही ते सोडावं. व्यवहारात बहुतेक वेळा असंच होतं. पण हे न्यायाचं उत्तर नाही, सोयीचं आहे. दुसरं उत्तर जास्त टिकाऊ आहे: एका ड्रायव्हरचा तोटा दुसऱ्या ड्रायव्हरच्या फायद्यासाठी घेतलेल्या निर्णयातून झाला असेल तर तो संघाने भरून द्यावा. झांडवूर्टमध्ये तसा निर्णय नव्हता. हंगेरीत तो होता आणि जागा केवळ त्याच्यामुळे गेली होती. मोंझात निर्णय होता, पण जागा केवळ त्याच्यामुळे गेली नाही. म्हणून हंगेरीचा दाखला स्वच्छ आणि मोंझाचा गढूळ.

पियास्ट्रीच्या मनात त्या क्षणी आणखी एक आठवण असेल. जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला तो आघाडीवर असताना, सेफ्टी कारच्या मागे अचानक ब्रेक मारल्याबद्दल त्याला दहा सेकंदांची शिक्षा झाली. ती अन्यायकारक वाटत असेल तर नॉरिसला जागा परत द्यायला सांगता का, असं त्याने रेडिओवर संघाला विचारलं होतं. संघाने नाही म्हटलं, नॉरिस जिंकला. नकार माझ्या मते बरोबर होता. पंचांचा निर्णय चुकला तरी तो संघाने आपल्याच दोघांमध्ये वाटून घ्यायचा विषय नाही. पण ड्रायव्हरच्या बाजूने बघितलं तर सिल्व्हरस्टोनला मागितलं तेव्हा मिळालं नाही, आणि मोंझात न मागता द्यावं लागलं.

मर्सिडीजचे प्रमुख टोटो वोल्फ यांनी त्याच दिवशी इशारा दिला की असा पायंडा एकदा पडला की मोडणं अवघड. उद्या संघाची दुसरी चूक झाली तर पुन्हा जागा बदलणार का? वोल्फ यांच्या बोलण्याला वजन आहे, कारण त्यांनी लुइस हॅमिल्टन आणि निको रोसबर्ग यांना एका गॅरेजमध्ये सांभाळलं आहे, आणि ते सांभाळणं नेहमीच जमलं असं नाही.

गंमत म्हणजे पायंड्याची परीक्षा दोनच आठवड्यांत आली असती. बाकूत नॉरिसचा पिट-स्टॉप पुन्हा रखडला. पण जागा परत करायला समोर कोणी नव्हतं. पियास्ट्री पहिल्याच फेरीत भिंतीवर आदळून शर्यतीबाहेर गेला होता.

फेरारीच्या हुकमांपेक्षा हे वेगळं का

टीम ऑर्डर्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येतो १२ मे २००२ चा ऑस्ट्रिया. रुबेन्स बॅरिकेलो सुरुवातीपासून आघाडीवर, शेवटच्या सरळ रस्त्यावर त्याने वेग कमी केला आणि मायकेल शूमाकर ०.१८२ सेकंदांनी जिंकला. त्याआधीच शूमाकरचे ४४ गुण होते आणि बॅरिकेलोचे सहा, म्हणजे गरजच नव्हती. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. शूमाकरने ओशाळून बॅरिकेलोला पोडियमच्या वरच्या पायरीवर ढकललं, आणि फेरारीला दहा लाख डॉलरचा दंड झाला तो हुकमाबद्दल नव्हे, तर त्या पायरीच्या गोंधळाबद्दल! शर्यतीच्या निकालात ढवळाढवळ करणाऱ्या संघ-आदेशांवर बंदी आली ती त्यानंतर.

बंदी टिकली आठ हंगाम. टिकली म्हणजे कागदावर. हुकूम थांबले नाहीत, त्यांना परवलीची भाषा आली. २५ जुलै २०१० ला हॉकेनहाइममध्ये फेलिपे मासाला त्याचा इंजिनिअर रॉब स्मेडली शब्दन् शब्द तोडून सांगत होता की फर्नांडो (म्हणजे सहकारी अलोन्सो) तुझ्यापेक्षा वेगवान आहे, हा निरोप तुला समजला का ते सांग. मासाने अलोन्सोला जागा दिली. बरोबर एक वर्षापूर्वी, त्याच तारखेला, हंगेरीत डोक्याला स्प्रिंग लागून तो मरता मरता वाचला होता. पंचांनी एक लाख डॉलर दंड केला. सप्टेंबरमध्ये सुनावणी झाली, जास्तीची शिक्षा काही झाली नाही, आणि २०११ पासून बंदीच उठली. जो नियम सगळे मोडतात आणि मोडताना साळसूद चेहरे करून खोटं बोलतात, त्या नियमाने खेळ स्वच्छ होत नाही. बंदी उठल्यावर निदान रेडिओवर खरं बोललं जाऊ लागलं. मोंझात स्टॅलर्डला कोड्यात बोलावं लागलं नाही.

पण या दोन जुन्या प्रकरणांशी मोंझाची तुलना करणारे एक गोष्ट विसरतात. ऑस्ट्रियात आणि हॉकेनहाइममध्ये हुकूम झाला तो जगज्जेतेपदात पुढे असलेल्या ड्रायव्हरच्या फायद्यासाठी, मागे असलेल्याच्या खर्चाने. मोंझात नेमकं उलट. गुणांच्या यादीत पहिला असलेल्याकडून काढून दुसऱ्याला दिलं. ज्या संघाला फक्त विजेतेपद हवं असतं तो असं करत नाही. नॉरिसवर संघाचं जास्त प्रेम आहे, इंग्लंडचा संघ इंग्लंडच्या मुलाला सांभाळतो, असे आरोप झालेच. ते खरे असते तर हंगेरीत नॉरिसचा विजय हिसकावून घेण्याचं काही कारण नव्हतं.

पियास्ट्रीने हुकूम पाळला यात मला आज्ञाधारकपणापेक्षा हिशेब जास्त दिसतो. त्याचं काम बघणारा मार्क वेबर. २०१३ मध्ये मलेशियात वेबरला पुढे राहू देण्याचा रेड बुलचा ‘मल्टी २१’ हा आदेश झुगारून सेबास्टियन फेटेलने ज्याच्याकडून विजय घेतला तोच हा वेबर. त्या दिवसानंतर त्या दोघांमध्ये विश्वास नावाची गोष्ट उरली नाही. आदेश मोडणारा तेवढी एक शर्यत जिंकतो, पण पुढच्या वेळी त्याला मदत लागेल तेव्हा रेडिओवर शांतता असते. पियास्ट्रीने शर्यतीनंतर फार आदळआपट केली नाही. नॉरिस सगळा वेळ पुढे होता, मागणी रास्त होती, असंच तो म्हणत राहिला. मनातून तसं वाटत होतं की नाही, देव जाणे.

वहीतल्या नोंदी

मोंझानंतर पियास्ट्री ३२४, नॉरिस २९३, व्हर्स्टॅपेन २३०. अदलाबदल झाली नसती तर पहिल्या दोघांतलं अंतर ३१ ऐवजी ३७ असतं.

पुढचे तीन महिने मॅक्लारेनची न्यायाची वही फाटेपर्यंत वापरली गेली. सिंगापूरला पहिल्याच फेरीत नॉरिसची गाडी आधी व्हर्स्टॅपेनला आणि मग पियास्ट्रीला घासली. पियास्ट्री रेडिओवर चिडला, हे न्याय्य नाही म्हणाला, संघाने जागा बदलली नाही. मागाहून नॉरिसवर काही अंतर्गत परिणाम लागू झाल्याचं जाहीर झालं. मग ऑस्टिनच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे मुख्य शर्यतीआधीच्या छोट्या शर्यतीत, पहिल्याच वळणावर दोघं बाहेर पडले, त्यात पियास्ट्रीचाही वाटा होता असं धरून ते परिणाम मागे घेतले गेले. बाहेरून बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. पण प्रत्येक घटनेची नोंद ठेवायची आणि फिटंफाट करायची असं एकदा ठरवलं की शेवट असाच व्हायचा. नोंदी वाढत जातात आणि प्रत्येक नवी नोंद आधीच्या कुठल्या तरी नोंदीशी भांडते.

या सगळ्या काळात जो या वहीत कुठेच नव्हता तो व्हर्स्टॅपेन मागून येत होता. बाकू, ऑस्टिन, लास व्हेगास. व्हेगासला तर दोन्ही मॅक्लारेन गाडीखालची तळपट्टी नियमापेक्षा जास्त झिजल्यामुळे बाद ठरल्या. कतारला सेफ्टी कार आली तेव्हा बाकी जवळपास सगळे टायर बदलायला धावले, मॅक्लारेनने दोघांनाही बाहेरच ठेवलं, आणि पियास्ट्रीच्या हातातला विजय व्हर्स्टॅपेनकडे गेला. अबू धाबीच्या शेवटच्या शर्यतीला गुण असे होते: नॉरिस ४०८, व्हर्स्टॅपेन ३९६, पियास्ट्री ३९२.

व्हर्स्टॅपेन जिंकला, ४२१. पियास्ट्री दुसरा, ४१०. नॉरिस तिसरा, ४२३. दोन गुणांनी जगज्जेता.

आता मोंझाचे तीन गुण पुन्हा मूळ जागी ठेवून बघा. नॉरिस ४२०, व्हर्स्टॅपेन ४२१.

हे गणित मांडलं की लगेच निष्कर्ष काढावासा वाटतो, की व्हर्स्टॅपेन ज्या निरोपावर हसला त्याच निरोपाने त्याचं पाचवं विजेतेपद नेलं. आकडे खोटं बोलत नाहीत, पण अर्धंच बोलतात. मोंझात त्याचा एकही गुण गेला नव्हता. तो जिंकला, २५ गुण घेऊन घरी गेला. संघाच्या आतला न्याय आणि स्पर्धेचा न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे म्हणणं सोपं आहे. पण इथे आतल्या न्यायाने बाहेरच्या माणसाचा निकाल बदलला, आणि तो बदलेल हे करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं हीच माझ्या लेखी त्या निर्णयाची सर्वात मोठी जमेची बाजू. ऑस्ट्रियातल्या फेरारीला आपण कोणाला काय देतोय हे पक्कं माहीत होतं.

आणि गणित आणखी एक पाऊल पुढे नेलं तर वेगळीच अडचण उभी राहते. मोंझाची अदलाबदल झाली नसती तर अबू धाबीला नॉरिस ४०५ वर आणि पियास्ट्री ३९५ वर उतरला असता. व्हर्स्टॅपेन आघाडीवर, पियास्ट्री दुसरा, नॉरिस तिसरा, अशा स्थितीत शेवटच्या फेऱ्या सुरू झाल्या असत्या. पियास्ट्री दुसरा राहून ४१३ वरच थांबला असता, म्हणजे त्याची स्वतःची आशा संपलेली. नॉरिसला जगज्जेता व्हायला हवी असती ती नेमकी पियास्ट्रीची जागा. मॅक्लारेनने ती मागितली नसती असं मला वाटत नाही. मोंझाचेच तीन गुण, तेच दोन ड्रायव्हर, त्याच दोन जागा, फक्त तीन महिने उशिरा, आणि आता कोणाचं नुकसान होणार हे सगळ्यांना माहीत असताना. तो हुकूम ऑस्ट्रिया आणि हॉकेनहाइमच्या पंगतीतला झाला असता. तरीही मला खात्री आहे की मोंझाइतका गदारोळ त्यावर झाला नसता. जगज्जेतेपदासाठी सहकाऱ्याने जागा सोडावी हे लोकांनी केव्हाच पचवलं आहे. अडतं ते शब्द पाळण्यासाठी सोडलेल्या जागेपाशी.

रेड बुलला त्या संध्याकाळी असला कुठलाही संकोच नव्हता. त्यांचा दुसरा ड्रायव्हर युकी त्सुनोडा याला नॉरिसला अडवायला सांगितलं गेलं होतं, आणि अडवताना इकडून तिकडे गाडी फिरवल्याबद्दल त्याला पाच सेकंदांची शिक्षा झाली. नॉरिस तरीही पुढे निघून गेला. मॅक्लारेनच्या पिट-वॉलवरून जागा बदला असं कोणालाही सांगावं लागलं नाही.